देवळांतील गाणें : ग्रेगोरियन सूर आणि आपली ओवी

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत दिसते कीं, देवळांतलें गाणें म्हणजे मिस्साच्या दोन भागांमध्यें मोकळा वेळ राहूं नये म्हणून घातलेली भर होय. वाचन संपलें, एक गाणें. दान गोळा होऊं लागलें, एक गाणें. कम्युनियनची रांग लांबली, आणखी एक. ही समजूत मुलांचीच आहे असें नाहीं. पालकांपैकींही कित्येकजण गायनमंडळाच्या सरावाकडे अभ्यासाच्या वेळांतली वजावट म्हणून पाहतात. म्हणून उपासनेच्या संगीताविषयीं या अंकांत थोडें सविस्तर लिहावें असें आम्हीं योजिलें. विषय जुना आहे. परंतु आपल्या अमरावती-अकोल्याकडील धर्मग्रामांत तो आज अगदीं दाराशीं येऊन उभा राहिला आहे. कारण जें एकदां लोकांच्या तोंडून गेलें, तें पुस्तकांतून पुन्हां तोंडीं आणणें फार कठीण जातें.

मिस्सा चालू असतांना गाणीं म्हणावयाचीं असतात, हें अर्धें खरें आहे. मिस्साच गावयाचा असतो, हें पूर्ण खरें. धर्मगुरूचें अभिवादन आणि त्यास लोकांचें उत्तर, कीरिए ही दयायाचना, ग्लोरिया हें गौरवगीत, पहिल्या वाचनानंतरचें स्तोत्र, शुभवर्तमानापूर्वीचा आलेलुया, सांक्तुस, शेवटचें आमेन, हीं सर्व मूळचीं गेय अंगें आहेत. यांपैकीं स्तोत्राकडे विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. स्तोत्र म्हणजे वाचनानंतर आवडीनें निवडलेलें एकादें भक्तिगीत नव्हे. तें स्वतःच पवित्र शास्त्रांतील वचन आहे. त्याच्या जागीं दुसरें कांहीं गाइलें, म्हणजे त्या दिवसाचें एक वाचनच गाळलें असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे तें बहुधा एकानें वाचावें व इतरांनीं एक ओळ पुटपुटावी, अशा रीतीनें उरकलें जातें. इतकें भरलेलें पात्र इतक्या घाईनें पुढें सारणें आम्हांस बरें दिसत नाहीं.

पाश्चात्य चर्चमध्यें हीं अंगें ज्या सुरांत गाइलीं जात, त्या गायनास ग्रेगोरियन गायन म्हणतात. पोप पहिले ग्रेगरी हे इ. स. ५९० ते ६०४ या काळांत गादीवर होते, व एका कबुतरानें त्यांच्या कानीं सूर सांगितले अशी आख्यायिका आहे. चित्र मोठें गोड आहे. पण हल्लींचे अभ्यासक सांगतात कीं, हें गायन आज ज्या रूपांत आपणांस ठाऊक आहे तें मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यांत घडलें, आणि आदरापोटीं त्यास ग्रेगरींचें नांव चिकटलें. त्यास ताल नाहीं. साथीचें वाद्य नाहीं. सर्वांचा सूर एकच. शब्द जसा चालेल तसा सूर चालतो. पुढें अकराव्या शतकांत आरेझ्झो गांवच्या ग्वीदो नांवाच्या संन्याशानें मुलांस अपरिचित चाली लवकर शिकवितां याव्या म्हणून एक युक्ति काढिली. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रांत प्रत्येक चरण मागच्यापेक्षां एक सूर वरून सुरू होतो. त्या चरणांच्या आरंभींचीं अक्षरें घेऊन त्यानें सुरांना उत्, रे, मी, फा, सोल, ला अशीं नांवें दिलीं. आपल्याकडील सा-रे-ग-म हीं नांवें त्याहून फार जुनीं. गुरुजींसमोर बसलेल्या मुलाची अडचण मात्र दोन्हीं ठिकाणीं एकच होती!

आतां हें गायन कसें चालतें तें प्रत्यक्ष करून पाहूं. स्तोत्रें गाण्यासाठीं आठ ठराविक चाली आहेत, शिवाय एक पाहुणी नववी. प्रत्येक चालीचे चार भाग असतात. आरंभींचे दोन-तीन सूर चढावयाचे; मग एकाच सुरावर ओळींतील बहुतेक सर्व अक्षरें म्हणावयाचीं, हा पाठाचा सूर; ओळीच्या मध्यावर थोडें वळण आणि विसावा; नंतर पुन्हां पाठाचा सूर, व शेवटीं उतरण. आठवी चाल घ्या. तिचा शेवटचा सूर आपला षड्ज मानला, तर आरंभ सा रे म, पाठ म वर, मध्याचें वळण प म, आणि उतरण ग म रे सा. ग शुद्ध. पेटी येणाऱ्या कोणाही मुलास हें पांच मिनिटांत जमेल.

तिला आपण मराठी शब्द लावून पाहूं. शास्त्रांतील वचन सरावासाठीं वापरण्यापेक्षां आम्ही एक साधें वाक्य रचून देतों: 'काळ्या रानांनो, प्रभूचे गुण गात राहा, पूर्णेच्या लाटांनो, त्याचें नाम घेत वाहा.' पहिल्या अर्धांत 'का' सा वर, 'ळ्या' रे वर. 'रानांनो, प्रभूचे गुण गात' हें सर्व म वर, न थांबतां, बोलण्याच्याच वेगानें. मग 'रा' प वर आणि 'हा' म वर. येथें विसावा. हा विसावा खरोखरच घ्यावा, एक श्वास पुरा होईपर्यंत. मुलें नेहमीं याच ठिकाणीं धांवतात. दुसऱ्या अर्धांत आरंभींची चढण नाहीं. 'पूर्णेच्या लाटांनो, त्याचें नाम' हें म वर, आणि शेवटचीं चार अक्षरें घे-त-वा-हा अनुक्रमें ग म रे सा वर. ओळ दुप्पट लांब असती तरी बिघडलें नसतें; पाठाच्या सुरावर अक्षरें वाढलीं असतीं, एवढेंच. गद्य वचन न मोडतां, न ताणतां, यमक न जुळवितां सर्व समाजास एका सुरांत म्हणतां यावें, याकरितां हीं चाल बांधली आहे.

एक बारकावा मराठीचा स्वतःचा आहे. बोलतांना आपण 'घेत' हा शब्द घेत् असा अर्धा तोडतों. गातांना त्या 'त'ला पूर्ण स्वर द्यावा लागतो, नाहीं तर उतरणीचा दुसरा सूर कोणत्या अक्षरावर ठेवावा हें कळत नाहीं. लॅटिन भाषेंत शब्दावर आघात असतो व चालीचें वळण त्या आघातावर येतें. मराठींत तसा ठळक आघात नाहीं. तेव्हां वळण दीर्घ अक्षरावर आणावें, असा आमचा अनुभवानें बनलेला नियम आहे. लॅटिनसाठीं बांधलेली चाल मराठीवर जशीच्या तशी ठोकून बसविली कीं 'प्रभूऽचे' चें 'प्रऽभुचे' होतें, आणि ऐकणारा म्हणतो कीं हें गाणें परकें आहे. परका असतो तो बसविणाऱ्याचा आळस.

आणि खरोखर पाहतां एकाच सुरावर वचन म्हणणें व ओळीच्या शेवटीं उतरणें, यांत वऱ्हाडच्या कानास नवें असें काय आहे? ओवी याहून फार वेगळी नाहीं. साडेतीन चरण, पहिल्या तिहींस यमक, चवथा तोकडा. अक्षरांची संख्या मोकळी, चाल थोड्या सुरांची. ज्ञानेश्वरीचें पारायण, शेगांवच्या महाराजांची पोथी, तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' हीं सर्व ओवींतच आहेत. अमरावती जिल्ह्यांत वाढलेल्या ख्रिस्ती मुलाच्या कानांवरही शेजारच्या घरांतून ती पडतच असते. जात्यावरच्या ओव्या तर बायकांनीं स्वतः रचिल्या. गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, व त्याबरोबर गाणेंही थांबलें. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या वेळेवर गोळा केल्या म्हणून त्या राहिल्या. मात्र त्या वहींत राहिल्या आणि ध्वनिमुद्रणांत राहिल्या. जात्यावर राहिल्या नाहींत. हा फरक आमच्या विषयास फार लागू आहे.

ओवीचें हें सामर्थ्य चारशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज धर्मगुरूनें ओळखिलें होतें. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ चा. ते १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ त वारले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं पूर्वींचीं पुराणें सोडलीं, पण पुराण ऐकण्याची गोडी कांहीं सुटली नाहीं. आम्हांस त्या ठिकाणीं कांहीं द्या, अशी मागणी आपल्या ग्रंथांत त्यांनीं एका ब्राह्मणाच्या तोंडीं घातली आहे. त्या मागणीचें उत्तर म्हणजे १६१६ सालीं छापलेलें 'ख्रिस्तपुराण'. दोन भाग, सुमारें अकरा हजार ओव्या, आणि मराठी भाषेची मनापासून केलेली थोरवी. देवनागरी खिळे नव्हते म्हणून तें रोमन लिपींत छापावें लागलें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें, आणि गोव्याच्या देवळांतून लोक तें गाऊन ऐकत. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढिला. असे हुकूम आणि बदललेली हवा यांत ही परंपरा क्षीण होत गेली. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं म्हणूनच १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांस तेथें नवी आवृत्ति काढितां आली.

या इतिहासांत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, स्टीफन्स यांनीं मिस्साची लॅटिन भाषा बदलली नाहीं, तें त्यांच्या हातींही नव्हतें. पण देवळाच्या भिंतींच्या आंत मराठी ओवीस जागा करून दिली. वऱ्हाडांत ही जागा पुष्कळ उशिरां झाली. आपला भाग पूर्वीं नागपूर धर्मप्रांतांत होता. तो धर्मप्रांत १८८७ चा, व त्याची जबाबदारी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाच्या, फ्रान्सकडून आलेल्या, धर्मगुरूंवर होती. अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजीं झाला, आणि बिशप जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप. त्या वेळीं मिस्सा लॅटिनच होता. आमच्या पिढीनें तो पाहिला नाहीं. वडील माणसांच्या तोंडून ऐकला आहे. कोणी त्याचें फारच सोनेरी वर्णन करितात, तें आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. पुष्कळांस शब्दांचा अर्थ कळत नव्हता, आणि वेदीजवळ एक चाले तेव्हां बांकांवर जपमाळेचे मणी सरकत असत. तरी पण ज्या म्हाताऱ्या बायांस सही करतां येत नव्हती, त्यांस कीरिए आणि सांक्तुस अथपासून इतिपर्यंत पाठ होतें, व त्या तें मोठ्यानें म्हणत, ही गोष्टही तितकीच खरी.

चर्चनें स्वतः या बाबतींत काय म्हटलें आहे, तें पाहणें उद्बोधक होईल. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीतज्ञांची पालक संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढिलें. युरोपांतील देवळांत त्या काळीं नाटकगृहांतल्या चाली शिरल्या होत्या, त्यांस आवर घालावा हा त्याचा रोख. उपासनेचें संगीत पवित्र असावें, कलेच्या दृष्टीनें खरें असावें व सर्वांचें असावें, असे तीन निकष त्यांनीं सांगितले, आणि पियानो, ढोल, झांज इत्यादि वाद्यांस देवळांत मनाई केली. साठ वर्षांनीं, ४ डिसेंबर १९६३ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेवरील आपला दस्तऐवज संमत केला. लोकभाषेस वाव मिळाला. ज्या देशांस स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिला मान व योग्य स्थान द्यावें असें सांगितलें. उपासनेस शोभतील अशीं इतर वाद्येंही चालतील असें ठरलें. अशा रीतीनें आपल्या झांजेस दार उघडलें. परंतु त्याच दस्तऐवजांत हेंही आहे कीं, इतर गोष्टी समान असतां ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान असावें, आणि लोकांस त्यांच्या वांट्याचे भाग लॅटिनमध्यें म्हणतां किंवा गातां यावे. हीं वाक्यें फारसें कोणी वाचीत नाहीं. पोप सहावे पॉल यांनीं १९७४ सालीं सोप्या लॅटिन चालींची एक लहानशी पुस्तिका जगांतील सर्व बिशपांकडे मुद्दाम पाठविली होती, ती याच हेतूनें.

जुना मिस्सा कीं नवा मिस्सा, हा वाद २००७ व २०२१ सालच्या आज्ञांनंतर युरोप-अमेरिकेंत बराच तापला. त्यांत आपण पडण्याचें कारण नाहीं. आपल्यापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे. लोक गातात कीं नाहीं?

बहुतेक ठिकाणीं गात नाहींत. एक कीबोर्ड असतो. त्यांत ताल आधींच भरलेला असतो. कळ दाबली कीं तो आपोआप चालूं लागतो व शब्दांस त्याच्यामागें पळावें लागतें. ध्वनिवर्धक मोठा असतो, आणि त्याच्याजवळ उभे राहिलेलीं पांच-सहा मुलें गातात. बाकीचे ऐकतात, किंवा हातांतील फोनवर शब्द शोधितात. चाल दर सणास नवी, कधीं कधीं चित्रपटांतलीही. मुलांच्या उत्साहास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यांच्यावांचून देवळांत शुकशुकाट झाला असता. पण दहावे पायस यांनीं जें नाटकगृह बाहेर घालविलें होतें, तें मागच्या दारानें आंत येऊन बसलें आहे, एवढें कबूल करावें लागेल.

येथें पेटीविषयीं एक शब्द, विषयांतर पत्करून. लॅटिन गायन परदेशी म्हणून नको आणि पेटी आपली म्हणून हवी, असें म्हणणारे आम्हांस वारंवार भेटतात. पेटीचा मूळ पुरुष जो हार्मोनियम, त्याचें पेटंट १८४२ सालीं पॅरिस शहरांत घेतलें गेलें! ती आपली झाली, कारण आपल्या भजनी मंडळांनीं, कीर्तनकारांनीं, नाटक कंपन्यांनीं तिला रोज हाताळून आपलीशी केली. वापरानें परकें आपलें होतें; न वापरल्यानें आपलेंही परकें होतें, हें ओवीच्या उदाहरणावरून दिसतेंच. आलेलुया, आमेन आणि होसान्ना हे हिब्रू शब्द, कीरिए हा ग्रीक; कोणा वऱ्हाडी आजीला ते म्हणतांना आपण परकी भाषा बोलतों असें वाटत नाहीं.

पालकांस मात्र एका गोष्टीचा विचार करावयास आम्ही सांगूं. वैशाख महिन्यांत, अकोल्याच्या उन्हांत, आपल्यापैकीं कोणास मूठमाती द्यावयाची असते. तेथें कीबोर्ड नसतो, वीज नसते, पुस्तकें घरीं राहिलेलीं असतात, आणि गायनमंडळांतील मुलें पुण्या-मुंबईस नोकरीवर. अशा वेळीं जें पाठ असेल तेवढेंच गाइलें जातें. अलीकडे कित्येक दफनविधि आम्हीं असे पाहिले कीं, धर्मगुरूंनीं स्तोत्राची पहिली ओळ उचलली व ती त्यांच्या एकट्याच्याच गळ्यांत राहिली. घरच्या माणसांस त्या घटकेस दुसऱ्यांच्या आवाजाची गरज असते. सांत्वनाचीं भाषणें नंतर पुष्कळ होतात. चर्चच्या विधींत मृताला थडग्याकडे नेतांना देवदूत तुला स्वर्गांत नेवोत अशा अर्थाचें एक लहानसें लॅटिन गीत आहे. त्याची चाल आठ-दहा वर्षांच्या मुलास येण्याजोगी आहे, आणि तीवर मराठी शब्द बसवितां येतात. शाळेंत कोणती कविता पाठ करावी याची यादी असते. या गीताचें नांव कोणत्याच यादींत नाहीं.

दुसऱ्याही एका बाजूनें विचार व्हावा. चिखलदऱ्याकडच्या मेळघाटांत कोरकू बांधव आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळांतली. मराठीशीं तिचें नातें नाहीं. लॅटिन कळत नाहीं म्हणून मराठी हवी, हें आपण मोठ्या हक्कानें म्हणतों. त्याच न्यायानें कोरकू मुलासाठीं आपली संस्कृतप्रचुर मराठी गीतें काय आहेत? त्यांच्या घरीं त्यांचीं गाणीं आहेत, आणि परिषदेच्या शब्दांप्रमाणें त्यांनाही मान व योग्य स्थान मिळावयास हवें. वसतिगृहांतील कोरकू विद्यार्थ्यांस त्यांच्या चाली विचारून लिहून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. हें काम या वर्षीं दहावीच्या मुलांनीं हातीं घ्यावें. चाल लिहितांना ती सुधारूं मात्र नये.

गायनमंडळाच्या मुलांसाठीं शेवटीं एक सूचना. पवित्र आठवड्यांत गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटा मुक्या होतात, व शनिवारच्या रात्रीं पुन्हां ग्लोरिया येईपर्यंत वाद्यांस गायनाचा आधार देण्यापुरतीच मुभा असते. शुक्रवारीं वेदी उघडी, दिवे नाहींत, घंटा नाहीं. म्हणजे विनासाथ गाण्यास याहून चांगली वेळ वर्षांत दुसरी नाहीं. त्या शुक्रवारचें स्तोत्र वर दिलेल्या आठव्या चालीवर बसवावें. एका मुलानें ओळ म्हणावी, धृपद मात्र सर्व समाजानें. शनिवारच्या रात्रीं मोठ्या मेणबत्तीपुढें जें दीर्घ आनंदगीत गातात, ज्यांत मेण करणाऱ्या मधमाश्यांचाही उल्लेख येतो, तेंही त्याच जातीचें गायन आहे. तें एकवार लक्ष देऊन ऐकावें. सरावास चाळीस दिवस हाताशीं आहेत. गहू-हरभरा काढण्याचे ते दिवस असतात, हें आम्हांस ठाऊक आहे; ज्यांस शेतावर जावें लागतें त्यांनीं चाल वाटेनें म्हणत जावी. पहिला सराव राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारीं, शाळा सुटल्यावर, देवळांत. पेटी आणूं नये. सूर धरण्यापुरती एक तंबोरी पुरे.